माग थांबवून बघताना

४५० रुपयांची चादर निवडली तर बिल बरोबर येतं. एक घेतली की ४५०, दोन घेतल्या की ९००. त्याच पानावर, तेच बटण दाबून १,२५० रुपयांची भारी चादर घेतली, तर दोन नगांचं बिल होतं दोन रुपये. सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या चादरीच्या दुकानाची अशी वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. ब्राउझर कोडच्या चुका जिथे छापतो त्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांत काही नाही. ब्राउझरच्या लेखी सगळं सुरळीत चाललंय. जावास्क्रिप्ट या वेबपानं चालवणाऱ्या भाषेतल्या सगळ्यात त्रासदायक चुका अशाच असतात. एरर आली तर निदान ओळीचा नंबर हाती लागतो. इथे नुसतं चुकीचं उत्तर येतं, तेही काही न बोलता.

अशा वेळी बरेच जण जे करतात ते बघवत नाही. कोडमध्ये अंदाजाने काहीतरी बदलायचं, सेव्ह, रिफ्रेश. पुन्हा बदल, पुन्हा रिफ्रेश. पंधराव्या खेपेला बिल बरोबर आलं तरी ते कशामुळे आलं हे कळत नाही, आणि आधीच्या चौदा बदलांतले कुठले तसेच राहून गेले हेही आठवत नाही. शिकणाऱ्या मुलांचे तास असे जातात आणि मग त्यांना वाटायला लागतं की आपल्याला कोडिंग जमत नाही. जमत असतं. चालू कोड थांबवून बघायचं असतं, एवढं त्यांना कोणी दाखवलेलं नसतं.

सोलापुरात हे समजावून सांगायला लांब जावं लागत नाही. मागावर आयुष्य गेलेल्या माणसाला कापडातला दोष वाचता येतो. उभी बारीक फट लांबवर गेलेली दिसली तर ताण्याचा धागा तुटलाय. आडवा पट्टा उमटला तर गडबड बाण्यात. आणि नक्षीतल्या फुलाचा एकच ठिपका दर खेपेला त्याच जागी चुकत असेल, तर धागे चाचपण्यात वेळ घालवायचा नाही, जकार्डच्या साखळीतला पुठ्ठा काढून बघायचा. पुठ्ठ्यावर भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. जोसेफ मारी जकार्डने १८०४ साली मागावर बसवलेली ही युक्ती पुढे आकडेमोडीच्या यंत्रांनीही उचलली, ते बहुतेकांना ठाऊक असतं. मला त्याहून मोलाची वाटते ती विणकराची नजर. दोष कापडावर दिसतो, पण घडलेला असतो मागे कुठेतरी. आणि दोषाचा आकारच सांगतो की मागे नेमकं कुठे बघायचं.

म्हणून कोड उघडायच्या आधी चुकीचा आकार पाहावा. कुठल्या किमतीला बिल बरोबर, कुठल्या किमतीला चूक? ४५० बरोबर. ९५० बरोबर. १,००० ला एक नग एक रुपया. १,२५० लाही एक रुपया. २,१०० ला दोन रुपये. म्हणजे चूक हजारापासून सुरू होते, आणि उरतो तो फक्त हजाराच्या जागचा आकडा. हजारावर गेलं की किमतीत नवीन काय येतं? स्वल्पविराम. संशयित सापडला. पण संशयावर कोड बदलायचा नाही, तो स्वल्पविराम डोळ्यांनी बघायचा.

त्यासाठी लागणारी हत्यारं ब्राउझरमध्येच असतात आणि फुकट असतात. क्रोम, एज, फायरफॉक्स, कुठलाही घ्या. एफ१२ दाबलं की उघडतात. काही लॅपटॉपवर एफ१२ सोबत एफएन दाबावं लागतं, नाहीतर कंट्रोल-शिफ्ट-आय. ही सोय कायम नव्हती. जावास्क्रिप्ट आली १९९५ मध्ये, आणि पुढची दहा वर्षं बहुतेकांचा डिबगर, म्हणजे चुका शोधायचं साधन, होता नुसती अलर्टची चौकट. इंटरनेट एक्सप्लोररच्या खालच्या पट्टीत पिवळा त्रिकोण दिसायचा, पानावर एरर आहे एवढं सांगायचा आणि जो ओळ नंबर द्यायचा तो अनेकदा भलताच असायचा. २००६ च्या जानेवारीत जो हेविटने फायरफॉक्ससाठी फायरबग काढलं आणि वेबवर काम करणाऱ्यांचे दिवस बदलले. पुढे प्रत्येक ब्राउझरने अशी साधनं पोटातच घेतली. २०१७ मध्ये फायरबग थांबलं, कारण तोवर त्याचं काम फायरफॉक्स स्वतःच करू लागला होता.

आता बिलाकडे. हजारो ओळींच्या कोडमध्ये बिल कुठे होतं ते शोधत बसायचं नाही. ‘बिल करा’ या बटणावर उजवं क्लिक करून इन्स्पेक्ट म्हणा. एलिमेंट्समध्ये ते बटण निवडलेलं दिसेल. बाजूच्या इव्हेंट लिसनर्स या टॅबमध्ये क्लिक उघडलं की कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर काम सुरू होतं त्याची लिंक असते. ती जेक्वेरीच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, फाइलमध्ये नेत असेल तर तिथलाच फ्रेमवर्क लिसनर्सचा चौकोन टिकमार्क करा, म्हणजे आपला स्वतःचा कोड सापडतो. फाइल एकाच लांबलचक ओळीत गच्च भरलेली असेल तर खालचं महिरपी कंसाचं बटण दाबलं की ती नीट ओळींत मांडली जाते. फायरफॉक्समध्ये बटणाच्या टॅगशेजारीच इव्हेंट असा छोटा बिल्ला दिसतो, त्यावर क्लिक केलं तरी हेच.

लिंकवर क्लिक केलं की सोर्सेस उघडतं. फायरफॉक्समध्ये त्याचं नाव डिबगर. डावीकडच्या ओळ नंबरवर क्लिक करा. नंबर निळा झाला की ब्रेकपॉइंट बसला. आता १,२५० ची चादर निवडून ‘बिल करा’ दाबा. पान जागच्या जागी थांबतं. काही यंत्रमागांवर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लोंबत असते. धागा तुटला की त्याची पट्टी खाली पडते आणि माग आपोआप उभा राहतो, पुढचं कापड बिघडत नाही. ब्रेकपॉइंट म्हणजे आपण हाताने टाकलेली तशी पट्टी.

थांबलेल्या पानात सगळं जिवंत असतं. ज्या ओळीवर थांबलोय ती रंगलेली दिसते, आणि ती अजून चाललेली नसते, पुढच्या पावलाला चालणार असते. नवखा माणूस इथेच फसतो. त्या ओळीतल्या व्हेरिएबलमध्ये अनडिफाइन्ड बघून तो घाबरतो. एफ१० दाबा, ओळ चालेल, किंमत भरेल. एफ१० एकेक ओळ पुढे नेतं, एफ११ बोलावलेल्या फंक्शनच्या आत शिरतं, शिफ्ट-एफ११ त्यातून बाहेर काढतं, एफ८ सगळं पुढे सोडतं. एफ११ दाबताना चुकून जेक्वेरीच्या पोटात शिरलात तर कॉल स्टॅकमध्ये, म्हणजे कोणत्या फंक्शनला कोणी बोलावलं त्या यादीत, त्या फाइलवर उजवं क्लिक करून ती इग्नोर लिस्टमध्ये टाका, पुन्हा तिच्यात थांबणार नाही.

आमच्या बिलाची पहिली ओळ पानावरच्या किमतीच्या खान्यातून मजकूर उचलते. एफ१०. उजवीकडे स्कोपमध्ये किंमत दिसते: अवतरण चिन्हांत १,२५०, मधल्या स्वल्पविरामासकट. अवतरण चिन्हं म्हणजे ही स्ट्रिंग, नुसता मजकूर आहे, संख्या नाही. पुढची ओळ पार्सइंट, मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन. एफ१०. किंमत एक. पार्सइंट डावीकडून आकडे वाचत जातं आणि आकडा नसलेलं अक्षर दिसलं की तिथेच थांबतं. स्वल्पविराम लागला, थांबलं, हाती आला तेवढा एक परत दिला. तक्रार केली नाही, कारण त्याच्या नियमात तक्रार नाहीच. त्याच्या जागी नंबर हे फंक्शन असतं तर त्याने नॅन दिलं असतं, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’. पडद्यावर नॅन दिसणं वाईट दिसतं खरं, पण दोन रुपयांच्या बिलापेक्षा ते कितीतरी बरं. निदान कोणी चादरी बांधून पाठवणार नाही.

थांबलेल्या अवस्थेत कन्सोलही त्याच जागी उभा असतो. तिथे पार्सइंट काढून दुसरं काही टाकून बघता येतं, मूळ फाइलला हात न लावता. ही सवय लागली की अंदाजाचे चौदा बदल होतच नाहीत.

दुरुस्ती कुठे करायची हा खरा प्रश्न. स्वल्पविराम पुसून टाकणारी एक ओळ घातली तर आज बिल बरोबर येईल. उद्या कोणी किंमत मराठी आकड्यांत दाखवायला सांगितली आणि संख्या भाषेप्रमाणे मांडणाऱ्या टू-लोकेल-स्ट्रिंगला मराठी-भारत असा संकेत दिला, की पानावर १,२५० देवनागरीत येईल, आणि तेच वाचणारा कोड नॅनवर जाईल. मग ४५० चीही चादर विकता येणार नाही. दोष पडद्यावरून संख्या वाचण्यात आहे. पडदा माणसासाठी असतो. किंमत चादरीच्या डेटामध्ये साधी संख्या म्हणून ठेवावी, हिशोब तिच्यावर करावा, आणि स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह, मराठी आकडे हे सगळं अगदी शेवटी, दाखवताना चढवावं.

बरेच जण ब्रेकपॉइंटऐवजी कन्सोल-लॉगवर, म्हणजे कोडमधून कन्सोलमध्ये किंमत छापण्यावर, भागवतात. मी त्याच्या विरोधात नाही. चाळीस चादरींच्या यादीत कुठल्या तीन चुकतात ते बघायला लॉगच सोयीचा, आणि कन्सोल-टेबल त्याहून. पण त्यातला एक सापळा फार जणांचा दिवस खातो. लॉगमध्ये ऑब्जेक्ट छापला आणि बाण उघडून आत पाहिलं, तर जे दिसतं ते छापलं त्या क्षणाचं नसतं, पहिल्यांदा उघडलं त्या क्षणाचं असतं. मधल्या काळात कोडने किंमत बदललेली असेल तर लॉग नवी किंमत दाखवतो आणि आपण म्हणतो, इथे तर सगळं बरोबर आहे. क्रोममध्ये शेजारी एक छोटा ‘आय’ असतो, त्यावर माउस नेला की हेच लिहिलेलं दिसतं. पण तिथवर लक्ष कोणाचं जातं? त्या क्षणाची किंमत हवी असेल तर ऑब्जेक्ट जेसन-स्ट्रिंगिफाय करून, म्हणजे त्याचा मजकूर करून, छापावा, किंवा हवी ती एकच किंमत छापावी.

आणि लॉगसाठी फाइल बदलायची गरजही नसते. ओळ नंबरवर उजवं क्लिक केलं की लॉगपॉइंटचा पर्याय येतो. ब्राउझर न थांबता तिथली किंमत छापत जातो. त्याच्याच शेजारी अटीचा ब्रेकपॉइंट असतो. चाळीस चादरींच्या लूपमध्ये चाळीसदा थांबून एफ८ दाबत बसण्यापेक्षा ‘एकूण नॅन असेल तरच थांब’ अशी अट घालावी. अट लिहिताना समानतेचं चिन्ह वापरून नॅनशी तुलना करू नये. नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो, त्यामुळे ती अट कधीच खरी ठरत नाही. इझ-नॅन वापरावं.

मराठी मजकुराच्या चुका वेगळ्या जातीच्या, आणि त्यांवर इंग्रजीतल्या शिकवण्यांत फारसं काही सापडत नाही. ‘सोलापूर’ या शब्दाची लांबी कन्सोलमध्ये विचारा, उत्तर येतं सात. आपण चार अक्षरं मोजतो. जावास्क्रिप्ट काने, मात्रे, उकार वेगळे मोजते. नावाला दहा अक्षरांची मर्यादा घातली की शेवटचा काना कापला जातो तो असा. त्याहून छळणारी गोष्ट म्हणजे ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, एकच चिन्ह म्हणून आहे, आणि काही कीबोर्डवरून ते ‘अ’ अधिक अर्धचंद्र असं दोन चिन्हांनीही लिहिलं जातं. डोळ्यांना दोन्ही सारखे. तुलना केली तर उत्तर खोटं. शोधाच्या चौकटीत ग्राहकाने शब्द बरोबर लिहिला आणि वस्तू सापडली नाही, अशी तक्रार आली की ब्रेकपॉइंटवर थांबून दोन्ही शब्दांची लांबी बघावी. एकाची दुसऱ्यापेक्षा एकाने जास्त आली की कोडं सुटलं. नॉर्मलाइझ या फंक्शनने ‘ऱ’ची अशी दोन रूपं एकत्र येतात, ‘ॲ’ची येत नाहीत, त्यासाठी दोन चिन्हांच्या जागी एक घालणारी ओळ आपणच लिहावी लागते.

तारखेचं दुखणं गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या यात्रेच्या, दिवसांत बघावं. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेला बाहेरगावचे लोक येतात, लॉजच्या पानावर १४ जानेवारीची खोली मागतात, आणि लॉजवाल्याच्या यादीत ती १३ तारखेला पडते. सगळे सर्व्हरकडे बोट दाखवतात. त्याआधी एफ१२च्या साधनांतलं नेटवर्क उघडावं, फॉर्म पाठवावा, त्या विनंतीवर क्लिक करून पेलोड, म्हणजे पाठवलेला मजकूर, बघावा. तिथेच १३ जानेवारी, १८:३० दिसलं तर सर्व्हर निर्दोष आहे. तारखेच्या चौकटीने भारतीय वेळेची मध्यरात्र धरली, आणि पाठवताना ती जागतिक वेळेत गेली, म्हणजे साडेपाच तास मागे, आदल्या संध्याकाळी. पुढे कोणीतरी फक्त तारखेचा तुकडा कापून घेतला आणि दिवस हरवला. नुसती तारीख हवी असेल तर वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे काढून त्यांची स्ट्रिंग करून पाठवावी. महिना काढताना एक मिळवायला विसरू नये. जावास्क्रिप्टचा जानेवारी शून्यावर असतो. सेन्सर्स या पॅनेलमध्ये सॅन फ्रान्सिस्को निवडलं की पानाचं घड्याळ तिथलं होतं. परदेशातून खोली ठरवणाऱ्याला कुठला दिवस दिसेल, ते सोलापुरात बसून तपासता येतं.

नेटवर्क उघडलंच आहे तर आणखी एक. ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ आणि पुढे लहान कोनी कंस, ही एरर आली की लोक आपल्या कोडमध्ये तो कंस शोधत बसतात. तो तिथे नसतो. मागितली होती जेसन या मांडणीतली माहिती किंवा स्क्रिप्ट, आणि सर्व्हरने पाठवलं एचटीएमएल पान: कधी ४०४ चं, कधी लॉगिन संपल्यावरचं. पानाची सुरुवातच त्या कंसाने होते. रिस्पॉन्स टॅबमध्ये ते पान आख्खं दिसतं. फाइल बदलूनही जुनाच कोड चालतोय असं वाटलं तर डिसेबल कॅशला टिक करावं. ते फक्त ही साधनं उघडी असेपर्यंत लागू असतं, हे लक्षात ठेवावं. प्रिझर्व्ह लॉगलाही टिक असू द्यावं, नाहीतर फॉर्म पाठवल्यावर पान बदलतं आणि हवी ती नोंद पुसली जाते.

काही गोष्टी थांबवायला गेलं की पळतात. माउस नेल्यावर उघडणारा मेनू तपासायला जावं, माउस हलला की मेनू मिटतो. अशा वेळी कन्सोलमध्ये सेट-टाइमआउट लिहून त्यात फक्त डिबगर हा शब्द घालावा आणि वेळ द्यावी ३,००० मिलिसेकंद. एंटर दाबून माउस मेनूवर न्यावा, तीन सेकंद धरावा. मेनू उघडा असतानाच पान गोठतं, मग निवांत बघावं. आणि पानावरची एखादी चौकट कुठला कोड पुसतो तेच कळत नसेल, तर एलिमेंट्समध्ये त्या चौकटीवर उजवं क्लिक करून ब्रेक ऑन, नोड रिमूव्हल. पुसणारी ओळ चालायच्या बेतात असतानाच पकडली जाते. मग कॉल स्टॅक वरून खाली वाचत जायचा: ही ओळ कोणी बोलावली, त्याला कोणी बोलावलं. मला वाटतं या सगळ्या साधनांत कॉल स्टॅक सगळ्यात कमी वाचला जातो, आणि सगळ्यात जास्त तोच सांगतो.

एक सावधगिरी. कोणी व्हॉट्सॲपवर कोड पाठवून ‘हे कन्सोलमध्ये टाका’ म्हणालं तर टाकू नये. कन्सोलमध्ये चालणारा कोड तुमच्या लॉगिनसह चालतो. ब्राउझर पहिल्यांदा पेस्ट करताना अडवतो तो याचसाठी.

राहिला फोन. चादर घेणारे बहुतेक जण फोनवरून घेतात, आणि लॅपटॉपवर बरोबर येणारं बिल तिथे नॅन दाखवू शकतं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सातदा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स खुलतात. त्यात यूएसबी डिबगिंग चालू करावं, केबलने फोन लॅपटॉपला जोडावा, फोनवर विचारलेली परवानगी द्यावी. केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने फोन दिसतच नाही, आणि लोक सेटिंगला दोष देत राहतात. लॅपटॉपच्या क्रोममध्ये पत्त्याच्या जागी इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि इन्स्पेक्ट लिहिलं की फोनवर उघडी असलेली पानं यादीत येतात. इन्स्पेक्ट दाबा, तेच सोर्सेस, तोच ब्रेकपॉइंट.

पान थांबलं की नगांच्या चौकटीतून आलेला आकडा बघा. अवतरण चिन्हांत ‘२’, पण देवनागरी. ग्राहकाचा कीबोर्ड मराठी होता आणि चौकट साध्या मजकुराची. जावास्क्रिप्टला संख्या म्हणून देवनागरी आकडे वाचता येत नाहीत. मजकुरात नमुना शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं आकड्याचं चिन्हही फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतं. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. पुढचे नऊ आकडे दोन्हीकडे ओळीने लागलेले, म्हणजे प्रत्येक देवनागरी आकड्याच्या क्रमांकातून २,३५८ वजा केले की इंग्रजी आकडा मिळतो. मजकूर संख्येत बदलण्याआधी ही एक ओळ घालावी. ग्राहकाला ‘इंग्रजीत आकडे टाका’ असं सांगणारी लाल सूचना दाखवायचं कारण नाही.

मग कोडमध्ये विसरलेले डिबगर शब्द शोधून काढावेत. कंट्रोल-शिफ्ट-एफने सगळ्या फाइलींत एकदम शोधता येतं. केबल तशीच ठेवून फोनवर पुन्हा एकदा ४५० ची एक चादर घ्यावी, ९५० च्या दोन, आणि मराठी कीबोर्डवरून २ टाकून १,२५० ची. या शेवटच्याचं बिल २,५००.